सभासद क्रमांक

"कायम वास्तव्याचे कागद हातात पडले की दुसऱ्या दिवशी टोरांटोला निघून जाशील का?"

वर्कशॉपच्या मालकानं मला हे विचारलं, ते ऑक्टोबर २०२१ मध्ये. त्यांच्या टेबलावर ग्रीसचे डाग होते, खिडकीबाहेर चार कम्बाइन उभे होते. मी म्हणालो, "मी ट्रॅक्टर दुरुस्त करतो. टोरांटोत ट्रॅक्टर नाहीत." ते हसले नाहीत, मान हलवली आणि मला शेडमध्ये घेऊन गेले. पुढचा तासभर मी एका मशीनचा हायड्रॉलिक पंप खोलत होतो, ते शेजारी उभं राहून बघत होते. माझी मुलाखत म्हणजे एवढीच.

गावाचं नाव अल्टोना. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, विनिपेगच्या दक्षिणेला साधारण शंभर किलोमीटरवर. अमेरिकेची हद्द तिथून दहा-अकरा किलोमीटर. वस्ती सव्वाचार हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या औसा तालुक्यातल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी.

मी आणि बायको जानेवारी २०२० मध्ये विनिपेगला आलो, तिच्या शिक्षणासाठी. तिच्या जोडीनं मला कामाचा परवाना मिळाला होता, त्यावर मी ट्रक दुरुस्तीच्या एका गॅरेजात लागलो. लातूरला आयटीआय केल्यापासून हात ट्रॅक्टर-डिझेलमध्येच, त्यामुळे काम नवं नव्हतं. पण तिचं कॉलेज डिसेंबर २०२१ मध्ये संपणार होतं आणि त्याच महिन्यात माझा परवानाही. कायम वास्तव्याचे बाकीचे मार्ग माझ्या वयाला आणि इंग्रजीच्या गुणांना जड जात होते. तेव्हा गॅरेजमधल्या एका फिलिपिनो सहकाऱ्यानं ग्रामीण आणि उत्तरेकडच्या भागांसाठीच्या योजनेबद्दल सांगितलं. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये ती अकरा ठिकाणी प्रयोग म्हणून सुरू केली होती. बहुतेक ठिकाणं शहरं होती. थंडर बे, सडबरी, ब्रँडन, मूस जॉ. त्या यादीत अल्टोना आणि भोवतालचा ऱ्हाइनलँडचा भाग हे सगळ्यात लहानांपैकी एक. योजनेची रीत मला पटली. आधी गावातल्या मालकानं कायमची नोकरी द्यायची, मग गावानं स्वतः शिफारस करायची, आणि त्यानंतर अर्ज सरकारकडे जायचा. गाव नको म्हणालं की गोष्ट तिथंच संपली.

पहिल्यांदा गेलो तो रस्ता सांगायलाच हवा. विनिपेगहून ७५ नंबरनं दक्षिणेला, मग १४ नंबरनं पश्चिमेला, रोझनफेल्डपाशी वळून ३० नंबरनं खाली. वाटेत मॉरिस लागतं. त्या गावाभोवती मातीचा बांध आहे, पुरासाठी. १९९७ मध्ये रेड नदी पसरली तेव्हा हा सगळा मुलूख पाण्याखाली होता. जमीन इतकी सपाट की पाण्याला जायला उतारच सापडत नाही. मी मराठवाड्याचा, सपाट रान बघितलेला माणूस. पण आमच्याकडे निदान एखादं टेकाड, एखादी लवण, बांधावरची बाभळ असते. इथं नजर अडायला काहीच नाही. दर मैलाला एक रस्ता, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, काटकोनात. जमीन मोजताना एक मैल बाय एक मैल असे चौकोन पाडले. एका चौकोनात ६४० एकर, त्याचा पाव भाग १६०. इथला शेतकरी "माझे पाच क्वार्टर आहेत" असं सांगतो. वडिलांना, आबांना, फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. आमची जमीन साडेतीन एकर, तीही तीन ठिकाणी.

गावात शिरलं की सूर्यफुलांचं एक अवाढव्य चित्र दिसतं. व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांची नक्कल, पंचाहत्तर फुटांहून उंच लोखंडी तिवईवर टेकवलेली. कॅमेरॉन क्रॉस नावाच्या चित्रकारानं १९९८ मध्ये ती उभी केली. मी गाडी थांबवून खाली उतरलो. माझ्या लहानपणी लातूर भागात सूर्यफूल खूप असायचं. पोपटांचे थवे दाण्यांवर तुटून पडायचे आणि शाळा सुटली की मी आणि बहीण गोफण घेऊन मचाणावर बसायचो. पुढं सोयाबीन आलं आणि सूर्यफूल बघता बघता गेलं. त्या चित्राखाली उभं राहून मी बायकोला म्हणालो, इथंच बघू. तिला ते कारण पुरेसं वाटलं नाही. तिनं आधी दवाखाना कुठं आहे ते बघितलं, मग वाचनालय, मग भाड्यानं घर मिळेल का याची चौकशी केली. तिचं बरोबर होतं.

नोकरीचं पत्र आठवड्यात मिळालं. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्या होत्या: पूर्णवेळ, बारमाही, कायम. शेतीच्या यंत्रांच्या धंद्यात 'बारमाही' हाच शब्द अवघड. बरीच कामं हंगामी असतात आणि हंगामी नोकरी योजनेत चालत नव्हती. मालकांनी हिवाळ्यात मशिनी उघडून तपासायचं काम किती असतं ते पत्रात मांडलं आणि खाली सही केली. ते पत्र मी अजून जपून ठेवलंय.

खरा त्रास झाला जुन्या कागदांचा. मागच्या तीन वर्षांत १,५६० तास काम केल्याचा पुरावा लागत होता. गॅरेजनं दिलेल्या पहिल्या पत्रात तारखा आणि पगार होता, तासांचा उल्लेख नव्हता, काय काम केलं तेही नव्हतं. पुन्हा मागायला गेलो तर मी सोडून जातोय याचा राग होता. पत्र मिळायला सोळा दिवस लागले. या वाटेनं जाणाऱ्यानं पहिलं पत्र मागतानाच आठवड्याचे तास आणि कामाचा तपशील लिहून मागावा. इंग्रजीच्या परीक्षेत माझ्या कामाच्या वर्गाला सीएलबी ५, म्हणजे कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवरची पाचवी पातळी, पुरत होती, ती जमली. मग शिक्षणाची पडताळणी. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग आबांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि आबांच्या नावातलं एक अक्षरही वेगळं. एका अक्षरासाठी आबांनी एसटीनं लातूरच्या तीन खेपा केल्या, प्रतिज्ञापत्र केलं, एका कार्यालयाच्या बाकावर दुपारभर बसून राहिले. वय सत्तरीला टेकलेलं. मला ते फोनवर एवढंच म्हणाले, "झालं बघ काम. तू तुझं बघ."

नोव्हेंबरच्या शेवटी गावाच्या समितीशी बोलणं झालं. मला वाटलं होतं, इंग्रजी तपासतील, पैसे विचारतील. त्यांनी बायकोशी जास्त बोलणं केलं. ती इथं काय करेल, गाडी चालवते का, एकटी पडली तर कुणाकडे जाईल, आणि विनिपेगच्या मानानं इथं मराठी काय, हिंदी बोलणारंही कुणी मिळणार नाही, हे लक्षात आहे का. आम्ही खरं ते सांगितलं. ती म्हणाली, तिला भीती वाटते, पण शहरात भाड्यासाठी दोघांनी दोन पाळ्यांत राबायचं आणि एकमेकांचं तोंड रविवारीच बघायचं, हे तिला नको आहे. शिफारसपत्र आठ दिवसांनी आलं. परवान्याची मुदत संपायच्या अकरा दिवस आधी आमचा अर्ज सरकारकडे गेला.

जानेवारी २०२२ मध्ये सामान घेऊन आलो, आणि तो हिवाळा गावातल्या म्हाताऱ्यांच्याही लक्षात राहील असा निघाला. एका वादळाचा बर्फ उपसून होईपर्यंत दुसरं. वाऱ्यानं बर्फ जमिनीलगत वाहत येतो आणि रस्ता दिसेनासा होतो. वर आकाश निळं असतं आणि समोर दहा पावलांवरचं दिसत नाही. उणे चाळीसला सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच होतात, हे शाळेत शिकलो होतो. त्या आकड्यात डिझेल कसं वागतं ते इथं शिकलो. थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बंद पडतो, म्हणून हिवाळ्याचं डिझेल वेगळं, रात्रभर इंजिनाला विजेच्या तारेनं ब्लॉक हीटर जोडून ठेवायचा, बॅटरीला पांघरूण. वर्कशॉपचे फोरमन, वयानं आबांपेक्षा थोडेच लहान, पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या गाडीत फावडं, घोंगडी, मेणबत्ती, काडेपेटी आणि डबाबंद खाणं ठेवलं. "गाडी अडकली तर गाडी सोडायची नाही," एवढं तीनदा सांगितलं. इथं सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. मला त्यांना नुसत्या नावानं हाक मारणं जमेना, अजूनही जमत नाही. मी मनात 'काका' म्हणतो आणि मग नाव घेतो.

आमचे कोट, बूट, स्वयंपाकाची भांडी, पलंग, सगळं एमसीसी या मदतसंस्थेच्या दुकानातलं. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकून येणारे पैसे जगभरच्या मदतकार्याला जातात. कॅनडा आणि अमेरिकेत अशी बरीच दुकानं आहेत. त्यातलं पहिलं १९७२ मध्ये याच गावात निघालं, चार बायकांनी काढलेलं. बायको तिथं आधी गिऱ्हाईक म्हणून गेली, मग मंगळवारी कपड्यांच्या घड्या घालायला जाऊ लागली. तिला गाव तिथं कळलं. कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाचं घर भाड्यानं आहे, फास्पा म्हणजे काय.

फास्पा म्हणजे रविवारी दुपारचं हलकं खाणं. जोडपाव, जॅम, चीज, कॉफी. आगाऊ न कळवता कुणाकडंही जावं आणि त्यांनी बसवून घ्यावं, अशी रीत. हे लोक मेनोनाइट, एका ख्रिस्ती पंथाचे. त्यांची घरची भाषा लो जर्मन, प्लाउटडीच. म्हाताऱ्यांच्या तोंडी ती अजून आहे. १८७४ पासून काही वर्षांत सुमारे सात हजार मेनोनाइट रशियन साम्राज्यातून, आजच्या युक्रेनच्या भागातून, मॅनिटोबात आले, कारण तिथं त्यांच्या पोरांना लष्करात घेण्याची वेळ आली होती आणि शस्त्र धरणं त्यांच्या धर्मात बसत नाही. त्याआधी ही जमीन इथल्या मूळच्या अनिशिनाबे आणि क्री लोकांची, आणि मूळ रहिवासी नि युरोपीय यांच्या मिश्र वंशातल्या मेतीसांची होती. १८७१ च्या पहिल्या करारानं ती सरकारकडे गेली आणि सरकारनं नव्या वसाहतींना दिली. हा भागही गावात आता बोलला जातो. पूर्वी तो बोलला जात नसे, असं फोरमननीच मला सांगितलं.

झाड नसलेल्या उघड्या माळावर राहता येणार नाही, अशी इतर गोऱ्या वसाहतवाल्यांची समजूत होती. मेनोनाइट गवताळ माळावरूनच आलेले, त्यांना राहायचं कसं ते ठाऊक होतं. गावाजवळचं नॉयबर्गथाल बघण्यासारखं आहे. १८७६ चं. एकच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, आणि घराला जोडून गोठा, मधल्या दारानं आत जाता येतं. बर्फात जनावरांकडे जायला बाहेर पडायला नको. मी ते दार उघडून बराच वेळ उभा राहिलो. आमच्या जुन्या वाड्यातही बैल ढाळजेच्या पलीकडेच बांधलेले असत; रात्री त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज ऐकत झोपायचो.

एप्रिलमध्ये पुन्हा मोठं हिमवादळ, मग पाऊस, मग पूर. मे महिन्यात ७५ नंबरचा रस्ता पाण्यामुळे बंद झाला आणि विनिपेगला जायचा वळसा वाढला. पेरण्या लांबल्या. वर्कशॉपमध्ये पंधरा दिवस कुणी घरी वेळेवर गेलं नाही. याच दिवसांत बायोमेट्रिक, वैद्यकीय तपासणी, पोलिसांचं प्रमाणपत्र असं एकेक येत गेलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, वाट बघणंच सगळं.

वाट बघताना मी गावाची मुळं शोधत होतो, आणि ती सापडली सहकारात. १९३१ मध्ये, मंदीच्या काळात, इथल्या शेतकऱ्यांनी ग्राहक सहकारी संस्था काढली. मागोमाग पतसंस्था. १९४६ मध्ये शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीचा तेलाचा कारखाना सुरू झाला, सूर्यफुलाचं तेल काढणारा. जे. जे. सीमेन्स नावाच्या शेतकरी-शिक्षकानं त्यासाठी रान उठवलं होतं. आपल्याकडे प्रवरानगरचा साखर कारखाना १९५० चा. दोन्हीकडचे लोक एकमेकांना ओळखत नव्हते आणि जवळजवळ एकाच वेळी एकच गोष्ट करत होते. हे वाचलं त्या रात्री मी आबांना फोन केला. ते विकास सोसायटीचे जुने सभासद, एकदा संचालकही होते. त्यांनी विचारलं, "कारखाना अजून सभासदांचाच आहे का?" नाही म्हणालो. आता तो एका मोठ्या कंपनीकडे आहे आणि तिथं कनोला गाळतात. आबा म्हणाले, "तिथं पण तसंच."

कनोला हेही मॅनिटोबाचं पोर. मोहरीच्या कुळातल्या रेपसीडमधलं अपायकारक आम्ल कमी करून बाल्दुर स्टेफान्सन आणि कीथ डाउनी या दोघांनी १९७० च्या दशकात ते घडवलं. जुलैत रानंच्या रानं पिवळी होतात. सूर्यफूल कमी झालं त्यामागं कनोला आहे, सोयाबीन आहे, आणि पक्षी आहेत. आमचे पोपट, यांचे ब्लॅकबर्ड. पाखरं हाकायला इथं गॅसवर वाजणारी तोफ लावतात. मी गोफणीबद्दल सांगितलं तर फोरमननी दोरी आणून दिली आणि करून दाखव म्हणाले. जमली. चाळीस वर्षांपूर्वीचं हाताला अजून ठाऊक होतं.

तरीही कॅनडाचं बहुतेक सूर्यफूल मॅनिटोबातच होतं, आणि गाव दर जुलैअखेर सूर्यफुलाचा उत्सव भरवतं. पीक मात्र निघतं ऑक्टोबरात, थंडीनं झाडं काळी पडून वाळली की. ऑक्टोबर २०२२ मधली एक रात्र. साडेदहाला फोन आला, कम्बाइनच्या इंजिनाजवळून धूर येतोय. सूर्यफुलाचा भुसा अत्यंत हलका आणि तेलकट असतो. तो गरम एक्झॉस्टजवळ साठतो आणि पेट घेतो, लाखो डॉलरचं मशीन पंधरा मिनिटांत राख होतं. मी आणि फोरमन पोचलो तेव्हा शेतकऱ्यानं आग विझवायचं नळकांडं रिकामं केलेलं होतं. एक बेअरिंग तापून निळं पडलं होतं. हवेच्या नळीनं सगळा भुसा उडवला, बेअरिंग बदललं, दोन वाजले. वारा पडला होता. दिव्याच्या उजेडात मान खाली घातलेली काळी सूर्यफुलं, मैलभर. लहानपणी आम्ही ती फुलं कापून खळ्यावर वाळवायचो आणि काठीनं बडवायचो; आईच्या पदराला तोच वास असायचा, तेलकट, धुळकट. इथं तो वास आला आणि मला रडू आलं. फोरमननी काही विचारलं नाही. खिशातून मूठभर बिया काढून माझ्या हातावर ठेवल्या. या लोकांना रविवारी बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत गप्पा मारायची सवय, रशियातून आणलेली. दातांनी एका बाजूनं बी आत, दुसऱ्या बाजूनं टरफल बाहेर. मी अजून शिकतोय.

कायम वास्तव्याचं पत्र फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं, एका ईमेलनं, दुपारी सव्वा वाजता. मी ट्रॅक्टरखाली आडवा होतो. बायकोनं फोन केला, तिला बोलता येईना. ती तेव्हा फ्रीझन्समध्ये लागली होती. १९०७ मध्ये छोट्या दुकानातून सुरू झालेला, आता कामगारांच्याच मालकीचा हा छापखाना पुस्तकं आणि शाळांची वार्षिकं छापतो. तिच्या टेबलावरच्या सगळ्यांनी मशीन थांबवून टाळ्या वाजवल्या, असं तिनं रात्री सांगितलं. त्या योजनेचे अर्ज ऑगस्ट २०२४ अखेर बंद झाले. २०२५ मध्ये तिच्या जागी नवी योजना आली आणि तीतही अल्टोना आहे. सोलापूरचं एक जोडपं त्यासाठी कागद जमवतंय. त्यांना मी पहिल्यांदा तासांचं पत्र मागायला लावलं.

गावातल्या को-ऑपच्या, म्हणजे सहकारी संस्थेच्या, पंपावर पेट्रोल भरलं की खिडकीवरची मुलगी विचारते, "नंबर?" इथं सगळे आपला सभासद क्रमांक पाठ सांगतात, काहीजण वडिलांचाच नंबर चालवतात. वर्षाखेरीस खरेदीच्या प्रमाणात परतावा मिळतो. पहिलं वर्षभर मी "नाही" म्हणत होतो. पत्र आलं त्या शनिवारी आत गेलो, फॉर्म भरला, थोडे डॉलर शेअरचे दिले, कार्ड घेतलं. गाडीत बसून आबांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा झाले होते, तरी ते जागे होते.

"कागद मिळाले म्हणे," ते म्हणाले.

"मिळाले. आणि आबा, इथल्या सोसायटीचा सभासद झालो."

"नंबर काय?"

मी सांगितला. ते म्हणाले, "थांब, लिहून घेतो," आणि पलीकडे ते कुणाला तरी पेन मागत असल्याचं ऐकू आलं.